भिंतीवरची कुत्री

आपल्याकडे कुत्र्याला उंबरठ्याच्या आत जागा नव्हती, पण भिंतीवर मात्र होती... दत्ताच्या तसबिरीत! मागे गाय, पायाशी चार कुत्री. गाय म्हणजे पृथ्वी आणि कुत्री म्हणजे चार वेद, असं आम्हाला सांगायचे. अंगणात शिरलेल्या कुत्र्याला "हाड" म्हणणारी आजी तसबिरीतल्या चौघांसमोर मात्र रोज हात जोडायची.

हे आठवायचं कारण म्हणजे खाप्याच्या घराची रंगरंगोटी. बैठकीच्या भिंती कोऱ्या झाल्यावर तिथे इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या जुन्या चित्रांच्या प्रती लावायचं मी ठरवलं, आणि त्याही कुत्र्यांच्या. बातमी आत्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. "काहून बापा, दत्ताच्या घरात आता साहेबाचे कुत्रे टांगतं का?" तिचा राग कुत्र्यांवर नव्हता, 'साहेबाचे' या शब्दावर होता. आपलं काढून परकं लावतोय, असं तिला वाटलं. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मुळात घरोघरच्या भिंतींवर छापील चित्रं आली कधी? १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. रामपंचायतन, पेशवाईतले पुरुष अशी रंगीत चित्रं तिथे शिळाछापावर छापली जाऊ लागली. मग १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि एकावर एक ठसे. या छापखान्यातून दत्ताचीही तसबीर निघाली. ज्यांना देवळाच्या पायरीशी थांबवत होते, त्यांच्याही घरात देव आले ते या कागदांमुळे. आणि यंत्रं कुठली? जर्मनीची. पुढे छापखाना विकत घेऊन चालवणारा फ्रिट्झ श्लायशर हाही जर्मनच! म्हणजे आपल्या तसबिरींच्या जन्मातच साहेबाचा हात आहे.

आता पॅरिसकडे वळू. त्याच १८७८ साली रन्वारने मादाम शार्पांतिए आणि तिच्या मुलांचं मोठं चित्र काढलं. त्यात पोर्थोस नावाचा काळापांढरा धिप्पाड कुत्रा गालिच्यावर पसरलाय आणि घरातली मुलगी खुशाल त्याच्या पाठीवर बसलीय. शेजारी फ्रॉक घातलेली दुसरी 'मुलगी' खरं तर मुलगा आहे. (आपल्याकडेही लहानपणी मुलांना झबली-फ्रॉक घालून फोटो काढायचेच की!) आणि १८७८ सालीच मेरी कसाट या अमेरिकन बाईने निळ्या खुर्चीत कंटाळून पसरलेली एक छोटी मुलगी रंगवली. समोरच्या दुसऱ्या निळ्या खुर्चीत एक चिमुकलं कुत्रं झोपलंय. त्याला कोणी उठवत नाही. कुत्र्याला खुर्ची! इथे ते ना वेद आहे, ना राखणदार, फक्त घरातलं एक.

आणि 'परकं' म्हणाल तर त्यांच्याकडेही तोच घोळ. मानेने १८७५च्या सुमारास रंगवलेला 'तामा' हा कुत्रा जपानचा. आंरी सेर्नुस्की नावाच्या धनिकाने आशियाच्या प्रवासातून तो पॅरिसला आणला. मानेने त्याच्या पुढ्यात एक जपानी बाहुलीही रंगवली. मादाम शार्पांतिएची बैठकही जपानी थाटाची. मोनेने तर जिव्हेर्नीच्या घरातली जेवणाची खोली जपानी छापील चित्रांनी भरून टाकली होती. जपानात ती चित्रं सामान्य माणसाला परवडावीत अशी छापलेली, म्हणजे आपल्या तसबिरींसारखीच. त्या कागदांकडे बघून हे चित्रकार शिकले. परक्या भिंतीवर गेल्याने ते कागद बाटले नाहीत, आणि भिंतही बाटली नाही.

शिवाय खापा हे विणकरांचं गाव. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, आणि लांबून तिसराच रंग दिसतो. धूपछाव म्हणतात ते हेच. पोर्थोसची काळी पाठ जवळून बघितली तर नुसते फटकारे दिसतात, चार पावलं मागे गेलं की केस दिसतात. कन्हानकाठच्या माणसाला इम्प्रेशनिझम याहून वेगळा शिकवायला नको.

आणखी एक. रन्वारचं ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९०७ साली विकत घेतलं, आणि २०१७ साली आपल्या संग्रहातल्या अशा जुन्या चित्रांच्या प्रतिमा सगळ्यांना फुकट वापरायला मोकळ्या केल्या. कसाटची मुलगी आणि तामा वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत असतात. तिथली चित्रंही २०१२पासून अशीच उतरवून घेता येतात. देवळाची पायरी पुन्हा एकदा ओलांडली गेली म्हणायची.

असो. दत्त आपल्या जागी, पूर्वेच्या भिंतीवरच राहणार, हे आत्यासाठी स्पष्ट करतो. समोरच्या भिंतीवर, उन्हाची तिरीप येत नाही अशा जागी, कसाटची निळी खुर्ची. कारण नागपूरकडचं ऊन चित्राचा रंग ठेवत नाही, मग ते देशी असो की विलायती.

तसबिरीतली चौघं इतकी वर्षं देवाच्या पायाशी उभी आहेत. समोर एक जण खुर्चीत झोपला, तर त्यांची हरकत नसावी.