फोंडा घाटाची आंबट वहिवाट

शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या कन्येच्या, राधाबाई अक्कासाहेबांच्या, नावाने भोगावतीकाठी जे राधानगरी वसविले, त्याच्या पश्चिमेस दाजीपूरचे रान ओलांडले की वाट फोंडा घाट उतरून कोकणात जाते. आणि या वाटेने देशावरचे धान्य व गूळ खाली, तर कोकणचे मीठ, नारळ, सुकी मासळी व आमसूल वर, अशी देवघेव कैक पिढ्या चालत आली. मोठ्या जिनसांत आमसुलाची गणना कोणी केली नसेल. मला मात्र या साऱ्या मालात त्याचेच अप्रूप अधिक वाटते.

वैशाखात पिकलेले रातांबे फोडून बिया बाजूस काढतात, साल मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकतात, आणि हा क्रम कित्येक दिवस चालला म्हणजे लालभडक साल काळी, सुरकुतलेली, बोटाला किंचित चिकटणारी होते; हेच आमसूल. बियाही वाया जात नाहीत: त्या कुटून, उकळून निघालेला स्निग्धांश मुठीत दाबून मुठेल करतात आणि थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात. बीजात असा स्नेह, आणि सालीत स्नेहनिर्मितीलाच अटकाव करणारे आम्ल!

त्याची ओळख पटली ती रातांब्याच्या मलबारी भावंडात. १९६५ साली लुईस व नीलकंठन यांनी त्या फळातील मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक असल्याचे दाखविले. पुढे तेच रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीतही आढळले. १९६९ मध्ये अमेरिकेत लोवेनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की, सायट्रिक आम्लाचे विभाजन करून चरबीचा कच्चा माल पुरविणारे जे विकर पेशीत असते, त्याची जागा हे जुळे आम्ल अडवून बसते.

इकडे कर्करोगाच्या अभ्यासकांना चरबी घडविण्याचा हाच मार्ग दुसऱ्या बाजूने सापडत होता. अर्बुदपेशी प्राणवायू असतानाही साखर आंबवते, हे वारबुर्गने १९२०च्या दशकात दाखविले होते. १९५३ मध्ये मेडिस, थॉमस व वाइनहाउस यांना अर्बुदाच्या चकत्या स्वतःच चरबी घडविताना आढळल्या. निरोगी पेशी बहुधा रक्तातील तयार चरबीवर भागविते. परंतु अखंड विभागणाऱ्या पेशीला प्रत्येक वेळी नवे आवरण लागते, आणि ते चरबीवाचून होत नाही. २००५ साली सायट्रिक आम्ल विभागणारे तेच विकर रोखून उंदरांतील अर्बुदांची वाढ मंदावल्याचे दिसून आले.

पण एवढ्यावरून आमसुलाच्या सारावर कोणी रोग्याने भिस्त ठेवू नये, हे मी कळकळीने सांगतो. कारण हे आम्ल पेशीच्या आवरणातून सहजासहजी आत शिरत नाही. त्याच विकराला रोखणारे बेंपेडोइक आम्ल २०२० साली अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाले, ते कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठी.