सूक्ष्मतरंग प्रारण आणि प्राण्यांचे मेंदूकार्य

सूक्ष्मतरंगांचा (मायक्रोवेव्हचा) प्राण्यांच्या मेंदूवर परिणाम होतो का, हे विचारण्याआधी मात्रा विचारावी लागते. ऊतक किती ऊर्जा शोषते, हे वॉट प्रति किलोग्रॅममध्ये मोजतात. अन्नासाठी कळ दाबायला शिकवलेले उंदीर आणि माकडे सुमारे ४ वॉट प्रति किलोग्रॅमला मंदावतात किंवा काम सोडून देतात. तेव्हा त्यांच्या शरीराचे तापमान साधारण १ अंश सेल्सिअसने चढलेले असते. हा परिणाम निर्विवाद आहे आणि त्याचे कारण उष्णता आहे. माणसांसाठीच्या मर्यादा या ४ वॉटच्या आकड्याला १० ने (कामगार) आणि ५० ने (सर्वसामान्य) भागून ठरल्या. खरा वाद त्याखालच्या मात्रेचा आहे.

१९९४ मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री लाय आणि सहकाऱ्यांनी उंदरांना २४५० मेगाहर्ट्‌झचे स्पंदित तरंग ४५ मिनिटे, ०.६ वॉटच्या मात्रेने दिले आणि त्यांना १२ फाट्यांच्या चक्रव्यूहात सोडले. प्रत्येक फाट्याच्या टोकाला खाऊ. जिथे एकदा खाल्ले तिथे पुन्हा न जाणे, ही स्मृतीची कसोटी. प्रारण दिलेले उंदीर रिकाम्या फाट्यांत वारंवार शिरले. निष्कर्ष गंभीर होता, म्हणून तो इतरांनी तपासणे भागच होते. २००४ मध्ये अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला त्याच मात्रेने प्रयोग झाले. फरक दिसला नाही. यावर आक्षेप आला की लाय यांच्या चक्रव्यूहात भिंतींमुळे उंदरांना खोलीतल्या खुणा कमी दिसल्या असाव्यात, स्ट्रासबूर्गला मात्र त्या सहज दिसत होत्या. आक्षेप रास्त होता. २००५ मध्ये त्याच गटाने भिंती उंच करून पाहिले, तरी स्मृतिदोष आढळला नाही. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या लाइफ सॅल्फोर्ड यांच्या २००३ च्या दाव्याची गतही अशीच झाली. मोबाइलच्या तरंगांनी रक्त-मेंदू अडथळा (रक्तातले नको ते पदार्थ मेंदूत जाऊ न देणारा पडदा) गळतो आणि ५० दिवसांनी मेंदूत काळवंडलेल्या पेशी दिसतात, असे त्यांनी म्हटले होते. अशा पेशी ऊतक हाताळताना झालेल्या इजेमुळेही दिसतात. २००९ मध्ये अमेरिका, फ्रान्स आणि जपानमधील स्वतंत्र गटांना ही गळती सापडली नाही.

‘उद्योगांच्या किंवा लष्कराच्या पैशावर चाललेले संशोधन कशावरून विश्वास ठेवण्याजोगे?’ ही शंका फेटाळण्यासारखी नाही. तिचे उत्तर प्रयोगाच्या रचनेत शोधावे लागते: कोणत्या उंदराला खरे प्रारण मिळाले हे निरीक्षकाला ठाऊक नसावे, आणि प्रारण न देता नळीत नुसते कोंडलेले उंदीरही तुलनेला असावेत, कारण कोंडल्याचा ताणच स्मृती बिघडवतो. उष्णतेखेरीज काही मानायचेच नाही असा शास्त्रज्ञांचा हट्ट आहे, हा दुसरा आक्षेप मात्र इतिहासाशी जुळत नाही. रडारच्या स्पंदांचा टिकटिक आवाज माणसांना ऐकू येतो, हे अ‍ॅलन फ्रे यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले, तेव्हा ते अविश्वसनीय वाटले होते. तरी ते मान्य झाले, कारण ते पुन्हा पुन्हा दिसले. १९७४ मध्ये फॉस्टर आणि फिंच यांनी कारणही दाखवले: एका स्पंदाने ऊतक अंशाच्या दशलक्षांश भागाइतकेच तापते, पण इतक्या झटकन प्रसरण पावते की दाबलहर उठते. पुढे गिनीपिगच्या अंतर्कर्णात तिची विद्युत नोंदही मिळाली.