घड्याळ म्हातारे कधी होते?

या व्याख्यानासाठी आम्ही विषय कळवला तेव्हा एका स्नेह्यांनी हसून विचारले, ''कामगार चळवळीतला माणूस घड्याळावर काय बोलणार?'' आम्ही म्हणालो, जन्मभर दुसरे केले काय? पगाराचे भांडण असो की ओव्हरटाइमचे, शेवटी प्रश्न एकच असतो: तास किती भरले आणि ते मोजले कोणी?

पण आजचे निमित्त घरगुती आहे. पाच वर्षांपूर्वी आमच्या छातीत धडधड होऊ लागली, तेव्हा युनियनच्या पोरांनी वर्गणी काढून आमच्या मनगटावर एक स्मार्टवॉच बांधले. वर्गणीतून पुढाऱ्याला भेट देणे आम्हाला पसंत नाही. परंतु पोरांपुढे आमचे चालले नाही. ते नाडी मोजते, पावले मोजते, रात्री झोप किती लागली तेही सांगते. आता त्याची बॅटरी दुपारी दोनलाच मान टाकते आणि कंपनीने त्याला नवे सॉफ्टवेअर पाठवणे बंद केले आहे. दुकानदार म्हणाला, ''साहेब, हे मॉडेल संपले. जुने द्या, वर पंधरा हजार घाला, नवे घ्या.'' काचेवर ओरखडा नाही, पट्टा शाबूत, वेळ सेकंदाला बरोबर. चालते घड्याळ संपते कसे, हा प्रश्न आम्हाला पडला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही इतिहासात शिरलो.

कारखान्यांच्या आरंभकाळात घड्याळ मालकाचे असे. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी 1967 साली या विषयावर एक गाजलेला निबंध लिहिला. स्कॉटलंडातील डंडीच्या गिरण्यांत मालक सकाळी घड्याळ पुढे सारीत आणि संध्याकाळी मागे, अशी तिथल्या एका कामगाराची आठवण त्यांनी दिली आहे. ज्याच्या खिशात स्वतःचे घड्याळ, त्याच्यावर मालकाचा डोळा. मग घड्याळ बाळगायचे धाडसच कोणी करीना. याच ब्रिटनमध्ये 1797 साली पंतप्रधान पिट यांनी घड्याळांवर कर बसवला. घड्याळांचा धंदा बसू लागला आणि पुढच्याच वर्षी कर मागे घ्यावा लागला.

गरिबाच्या खिशात स्वतःचे घड्याळ यावे, असा ध्यास घेतलेला एक माणूस या इतिहासात भेटतो आणि आम्हाला तो फार आवडतो. जॉर्ज फ्रेडरिक रोस्कोफ हा जन्माने जर्मन. स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावी स्थायिक झालेला. वीस फ्रँकांत मिळेल असे मजबूत घड्याळ करायचे त्याने ठरवले. एरवी शे-दीडशे भाग लागत, तिथे त्याने सत्तावन्न भागांत काम भागवले. नक्षी नाही, रत्ने नाहीत. 1867 साली ते बाजारात आले आणि त्याचे नाव त्याने ठेवले 'प्रोलेतेर', म्हणजे श्रमजीवी. नाव ठेवण्यात तो मार्क्सपंथी होता की हुशार विक्रेता, यावर वाद घालता येईल. असो.

आपल्या मुंबईत तर घड्याळावरून दगड पडले आहेत. 1906 सालच्या जानेवारीत सरकारने नवी प्रमाणवेळ सुरू केली. ती जुन्या मुंबई वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. साहेबाला तो काटा सरकवण्याचा प्रश्न वाटला. गिरणीचा भोंगा मात्र त्याच आकड्यावर वाजणार असेल तर कामगाराला एकोणचाळीस मिनिटे आधी, अंधारात, चाळीतून निघावे लागणार होते. काही गिरण्यांतील हजारो कामगारांनी काम टाकले, गिरणीवर दगडफेकही केली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 1890 साली गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली होती. तिला अजून वीस वर्षेही झाली नव्हती. मिळवलेला दिवस एका बाजूला आणि काट्याने पळवलेली मिनिटे दुसऱ्या बाजूला, हा हिशेब त्या अशिक्षित माणसांना बरोबर कळत होता.

आमचे वडील परळच्या एका गिरणीत साचे चालवीत. त्यांच्याकडे एचएमटीचे चावीचे घड्याळ होते. सरकारी मालकीच्या एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने 1961 साली बंगळूरला घड्याळे काढायला सुरुवात केली. वडील रोज सकाळी दात घासायच्या आधी चावी देत आणि कानाशी धरून ऐकत. तीनदा तेलपाणी झाले, एकदा काच बदलली. लालबागचा घड्याळजी मागचे झाकण उघडून भिंग डोळ्याला लावी आणि म्हणे, ''अजून वीस वर्षं काही होत नाही.'' 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आठव्या महिन्यात घरातली भांडी गेली आणि त्यांच्या पाठोपाठ ते घड्याळही गेले. आम्ही तेव्हा लहान. विकायला वडिलांच्या बोटाला धरून गेलो होतो. घड्याळजीने ते कानाशी धरले आणि भाव न पाडता पैसे दिले. आठ वर्षे वापरलेल्या वस्तूला पैसे आले, कारण ती कोणालाही उघडता येत होती आणि कोणालाही दुरुस्त करता येत होती. पुढे बरेच दिवस वडील सकाळी उठले की रिकाम्या मनगटाकडे हात नेत.

मधल्या काळात क्वार्ट्‌ज घड्याळ आले. 1969 च्या नाताळात जपानच्या सेइकोने पहिले विकले आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमधील घड्याळ कामगारांची संख्या साधारण नव्वद हजारांवरून तिसऱ्या हिश्श्यावर आली. फ्रान्समध्ये बेझाँसाँ गावच्या लिप कारखान्यातल्या कामगारांनी 1973 साली कारखाना ताब्यात घेऊन स्वतःच घड्याळे बनवली, विकली आणि त्यातून स्वतःचे पगार काढले. ती हकिकत सांगायला वेगळे व्याख्यान लागेल; कोणी बोलावले तर आम्ही येऊ.

आता आमच्या दुकानदाराकडे वळू. एप्रिल 2015 मध्ये अॅपल कंपनीने आपले पहिले घड्याळ बाजारात आणले. त्यातला एक प्रकार अठरा कॅरट सोन्याचा होता. किंमत दहा हजार डॉलरपासून पुढे. सप्टेंबर 2018 मध्ये नवे सॉफ्टवेअर आले, ते त्या पहिल्या पिढीला मिळाले नाही. सोने जसेच्या तसे, घड्याळ मात्र साडेतीन वर्षांत मागच्या रांगेत. पेबल नावाच्या कंपनीचा धंदा डिसेंबर 2016 मध्ये बंद पडला. दीड वर्षाने तिची सर्व्हरवरची सेवाही थांबली. तेव्हा वापरणाऱ्यांपैकी काही जाणत्यांनी एकत्र येऊन आपल्या हिमतीवर ती सेवा पुन्हा उभी केली. लिपच्या कामगारांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

मनगटावरच्या यंत्राचा दुसरा एक वापर आपल्या राज्यातच दिसला. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या हाती जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार कोठे आहे हे कचेरीतल्या पडद्यावर दिसते. चंदीगडमध्येही अशीच घड्याळे आली आणि 2020 साली सफाई कामगारांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. डंडीच्या मालकाला कामगाराच्या खिशातले घड्याळ नको होते. आताचा मालक स्वतः घड्याळ देतो, कारण त्या घड्याळात बघणारा तोच असतो.

हे सगळे मनात असूनही नवे घ्यावे असे आम्हाला वाटत होते, हे कबूल केले पाहिजे. नव्या घड्याळात हृदयाचा आलेख निघतो, ठोके अनियमित झाले तर सूचना येते. पन्नाशी ओलांडलेल्या, धडधडीच्या माणसाला हा मोह छोटा नव्हे. आम्ही आमच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, ''अनियमित ठोके त्याला कळू शकतात, हार्ट अॅटॅक कळत नाही. छातीत दुखले तर घड्याळ बघत बसू नका, इथे या. आणि गोळ्या चुकवू नका.'' गोळ्यांची आठवण तर आमचे जुने घड्याळही देते.

म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथल्या एका पोराने मागचे झाकण गरम करून उचलले, चिमट्याने बॅटरी काढली, नवी बसवली आणि नऊशे रुपये घेतले. घड्याळ आता रात्री नऊपर्यंत चालते. फक्त झाकण पूर्वीसारखे घट्ट बसलेले नाही. ''पाणी लागू देऊ नका, काका,'' असे त्याने दोनदा बजावले आहे. पावसाळ्याला अजून दीड महिना आहे.