समई आणि राळ

इ. स. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने छत्तीसगडात नागपूरकर भोसल्यांचा शिरकाव झाला. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास राहावयास आले. मराठी कुटुंबे येथे स्थिरावू लागली. १८१८ साली कारभाराचे ठाणे रायपुरास हलले. समई या कुटुंबांनी आणली. धुपाची राळ मात्र येथल्याच सालवृक्षांनी पुरविली. त्या राळेपायी खोडे खाचली जाऊन कित्येक वृक्ष वाळले, हेही विसरता कामा नये.

आज ब्राह्मणपाऱ्यातील घरांत सुगंधी मेणबत्ती दिसली, तर तिलाही समईचाच नियम लावावा : गंध सौम्य निवडावा, वातीचे काजळलेले टोक कातरावे, वारा लागू देऊ नये, निजण्यापूर्वी ज्योत शांत करावी. गंध उपभोगावा, तसे त्याचे मोलही जाणावे.