कामठीच्या छावणीतील शिपायांची कुटुंबे आणि त्यांची उपजीविका

सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात कंपनीची फौज कायमची स्थिरावली, आणि १८२१ साली कन्हान नदीच्या काठी कामठी येथे तिची छावणी वसली. या छावणीत प्रामुख्याने मद्रास सैन्याच्या पलटणी असत. बंगाल सैन्यातील शिपाई बायकामुले गावी ठेवून चाकरीस येई; मद्रासचा शिपाई मात्र बिऱ्हाड बरोबर घेऊन हिंडे. छावणीच्या इतिहासात कूच आणि कवायतींची नोंद विपुल आहे. या बिऱ्हाडांचा विचार त्या मानाने क्वचितच झालेला आहे.

शिपायाचा मूळ पगार महिना ७ रुपये असे. कंपनीच्या मुलखाबाहेर त्यावर भत्ता मिळे. एवढ्यावर संसार चालवावयाचा तर बायकोने चार पैसे मिळविणे ही हौस नव्हती. परंतु दळणकांडण, शिवणटिपण, किरकोळ विक्री हे उद्योग ओळखीवर व उधारीवर चालतात. तमिळ किंवा तेलुगू बोलणाऱ्या बाईस मराठी-हिंदी बाजारात अशी ओळख जमविण्यास वेळ लागणारच. ती जमते न जमते तोच पलटणीस हुकूम येई.

या अस्थिरतेचे मोल किती होते हे मद्रासच्या ६ व्या घोडदळ पलटणीच्या प्रकरणावरून दिसते. १८४३ मध्ये ही पलटण कामठीहून जबलपुरास धाडण्यात आली. नेमणूक तात्पुरती आहे अशी स्वारांची समजूत होती. ती कायमची ठरली, भत्ताही घटणार असे कळले, आणि कुटुंबे तर दूर मागे राहिलेली. एका पगारात दोन चुली चालेनात, तेव्हा स्वारांनी काम करण्याचे नाकारले. जॉन के याने १८५७ च्या उठावाच्या इतिहासात या प्रकरणाची दखल घेतली आहे. तथापि त्याचा रोख लष्करी शिस्तीवर आहे, मागे राहिलेल्या चुलींवर नाही.

मद्रास सैन्यात शिपायांच्या मुलांना 'रिक्रूट बॉय' म्हणून पटावर घेत व अल्प वेतन देत. बाईला असे स्थान नव्हते. पलटण समुद्रापार, उदाहरणार्थ १८२४ च्या ब्रह्मी युद्धास गेली, तर नवऱ्याच्या पगारातील हिस्सा तिला 'फॅमिली सर्टिफिकिटा'वर मिळे. मराठीत 'कुटुंब' या शब्दाने परिवाराप्रमाणे बायकोचाही बोध होतो; लष्करी दप्तराचा 'फॅमिली' हा शब्दही व्यवहारात तेच काम करी. त्या पत्रावर ती पैसे घेणारी होती. मिळविणारी म्हणून तिच्यासाठी त्यात रकाना नव्हता.