मोडून घडवलेला काठ

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये 1990च्या सुमारास लोरेन फायफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरवर उफराटं वाटणारं तंत्र बसवलं. गॅलियम आर्सेनाइडचा स्फटिक अणूंचे थर चढवत जिवापाड जपून वाढवायचा आणि मग त्याच निर्वात कक्षात तो मोडायचा. मोडल्यावर उघडी पडलेली ताजी कड अणूच्या मापानं सपाट असते. तिच्यावर काही बसायच्या आत पुन्हा थर चढवायला घ्यायचे, या खेपेला पहिल्या थरांशी काटकोनात. इतका खटाटोप कशासाठी, तर एका स्वच्छ काठासाठी.

काठाला हा मान मिळायला वेळ लागला. 4 फेब्रुवारी 1980च्या रात्री फ्रान्समधल्या ग्रनोबल इथं क्लाउस फॉन क्लिट्झिंग सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमधला हॉल रोध, म्हणजे प्रवाहाच्या आडव्या दिशेतला रोध, मोजत होते. अतिथंड तापमान, प्रबळ चुंबकी क्षेत्र. इलेक्ट्रॉन वाढवत नेले तसा रोध पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेला, आणि प्रत्येक पायरी 25,812.8 ओहमला पूर्णांकानं भागून येणाऱ्या आकड्यावर. नमुन्यातल्या अशुद्धीला आकार-उकार नसतो. मग आकडा इतका नेमका कसा?

उत्तराचा मोठा भाग बर्ट्रंड हाल्परिन यांच्या 1982च्या निबंधात आहे. चुंबकी क्षेत्रात इलेक्ट्रॉन गरगर फिरतो. आत त्याचं वर्तुळ पुरं होतं, त्यामुळं तो जागच्या जागी राहतो. कडेच्या भिंतीशी मात्र वर्तुळ अर्ध्यात तुटतं. तो आपटतो, पुन्हा वळतो, पुन्हा आपटतो, आणि असाच भिंतीच्या कडेकडेनं पुढं सरकतो. काठावरची ही वाट एकेरी. वाटेत अशुद्धी आली तरी मागं फिरायला मार्गच नसतो, इलेक्ट्रॉन तिला वळसा घालून पुढं जातो. मला या सगळ्या कथेतली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

त्याच वर्षी डॅनियल त्सुई, होर्स्ट श्टोर्मर आणि आर्थर गोसार्ड यांनी अपूर्णांकी पायरी, म्हणजे पूर्णांकाच्या जागी 1/3, जाहीर केली. इथं इलेक्ट्रॉन एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात. 1990च्या सुमारास श्याओ-गांग वेन यांनी मांडलं की अशा काठात बाहेरून एक इलेक्ट्रॉन शिरायचा तर अख्ख्या रांगेला सरकावं लागेल. म्हणून 1/3च्या काठात टनेलिंगनं शिरणारा प्रवाह व्होल्टेजच्या पटीत वाढणार नाही, व्होल्टेजच्या घनाच्या पटीत वाढेल. ओहमच्या नियमाशी काडीमोडच!

हे पडताळायचं कसं? धातूच्या गेटनं आखलेला काठ उतरत्या वाळूसारखा असतो, इलेक्ट्रॉनांची दाटी हळूहळू विरळ होत जाते. इथं फायफर यांचा मोडलेला स्फटिक कामी आला. अल्बर्ट चँग, फायफर आणि केन वेस्ट यांनी ताज्या कडेवर आधी काही नॅनोमीटरचा अडसर चढवला, त्यावर भरपूर इलेक्ट्रॉन असलेला जाड थर. अडसर ओलांडण्याइतकी ऊर्जा इलेक्ट्रॉनांकडं नसते. पुंजयामिकीच्या नियमानं ते त्यातून आरपार निसटतात, हेच टनेलिंग. 1996 साली त्यांनी जाहीर केलेला घातांक होता सुमारे 2.7. तिनाच्या इतक्या जवळ!

पण 1998च्या मोजमापांनी पेच टाकला. पायरीच्या अपूर्णांकात 1/3 पासून 1/2 कडं जाताना घातांक तिनावर टिकून राहावा, असं सिद्धांत सांगत होता. प्रत्यक्षात तो घसरत गेला. प्रयोगात खोट आहे म्हणून ही घसरण झटकून टाकण्यासारखी नव्हती. काठाबद्दलचं चित्रच अपुरं होतं.

मग काठाचीच मोजणी सुरू झाली. 2000 साली वूवॉन कांग आणि सहकाऱ्यांनी 8.8 नॅनोमीटरच्या अडसराच्या दोन अंगांना दोन काठ समोरासमोर आणले, उलट्या दिशांनी वाहणारे. 2005 साली म्युनिकच्या गटानं मोडलेल्या कडेवर दुसरा इलेक्ट्रॉन-थर काटकोनात उभा केला. अडसर पार करताना इलेक्ट्रॉनाचा काठालगतचा संवेग टिकून राहतो आणि चुंबकी क्षेत्रात हा संवेग म्हणजेच भिंतीपासूनचं अंतर. व्होल्टेज आणि क्षेत्र बदलत गेलं की टनेलिंगचा प्रवाह काठ आतून बाहेर, बोटबोट चाचपत जातो.