आंबलेला पडदा

गेल्या श्रावणात आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागातले परिचर मामा एक प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्या घरी आले. मला निवृत्त होऊन सात वर्षे झाली. तरी विभागात काही जुने-पुराणे सापडले की ते आधी माझ्याकडे येते. पिशवीच्या तोंडाला रबरबँड गुंडाळलेला होता आणि आत एक डिजिटल मल्टिमीटर. "मॅडम, केमिस्ट्रीच्या कपाटात मागे पडला होता. नंबर तुमच्या अक्षरातला आहे."

नंबर माझ्याच अक्षरातला होता. १९८७ साली विभागाने असे चौदा मीटर घेतले. २००९ साली त्यांतले तेरा निर्लेखित झाले. चौदावा रसायनशास्त्राकडे उसना गेलेला असल्यामुळे यादीतून सुटला. जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत डेड स्टॉक रजिस्टरात, त्या तेरांपुढे 'पडदा गेला, दुरुस्तीयोग्य नाही' असा शेरा आहे आणि त्याखाली सही आहे ती माझी. भंगारवाल्याने ते सारे वजनावर नेले.

चौदाव्याचा पडदाही तसाच गेलेला होता. आकड्यांच्या जागी तपकिरी-जांभळे डाग, मध्ये बुडबुडे, कडा सुरकुतलेल्या. पण मी रबरबँड काढला आणि पिशवीतून वास आला तो मला थांबवून गेला. चायनीजच्या गाडीवर मिरच्या घातलेली व्हिनेगरची बाटली असते ना, तिचा वास. विजेच्या उपकरणाला जळका वास येतो, कोंदट येतो, सेल फुटला असेल तर आणखी वेगळा येतो. आंबट वास का यावा? हा लेख त्या प्रश्नाच्या मागे लागून झालेला आहे.

आधी पडद्याची रचना सांगायला हवी. एलसीडी म्हणजे द्रव स्फटिकांचा पडदा. द्रव स्फटिक ही अवस्था प्रथम नोंदली गेली ती एका वनस्पतिशास्त्रज्ञाकडून. प्रागमध्ये फ्रीड्रिख रायनिट्झर गाजरापासून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या संयुगांवर काम करत होता. १८८८ साली त्याला दिसले की कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ दोनदा वितळतो. १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव होतो आणि १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकदम निवळतो. त्याने हे ओटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाला कळवले. लेमानने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर द्रव वाहतो आहे आणि प्रकाशाशी मात्र स्फटिकासारखा वागतो आहे. पुढची पंचाहत्तर-ऐंशी वर्षे या शोधाचा व्यवहारात फारसा उपयोग कुणाला सुचला नाही.

१९६८ साली अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने केलेले द्रव स्फटिकांचे पडदे जगाला दाखवले. त्यांत वीज दिली की द्रव ढवळून दुधाळ होई आणि प्रकाश विखुरला जाई. त्याच प्रयोगशाळेत वोल्फगांग हेलफ्रिश यांना वेगळी युक्ती सुचली होती. दोन काचांमध्ये रेणूंना पीळ देऊन बसवायचे आणि काचांच्या दोन्ही बाजूंना ध्रुवणपट लावायचे. हाइलमायरना ती पटली नाही. त्यांचा आक्षेप असा, की दोन ध्रुवणपट लावले तर अर्ध्याहून जास्त प्रकाश तेच गिळणार. हेलफ्रिश स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला हॉफमन-ला रोश कंपनीत गेले, तिथे मार्टिन शाट यांच्यासह ती युक्ती प्रत्यक्षात आणली आणि ४ डिसेंबर १९७० रोजी पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे गाठली होती. त्यावरून कोर्टकज्जे झाले, ते इथे नकोत. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी नेहमीच्या तापमानाला टिकाऊ राहतील असे सायनोबायफिनिल रेणू १९७३ साली प्रसिद्ध केले आणि हा पडदा घड्याळात, गणकयंत्रात, मीटरात शिरला. १९७७ साली फ्लूक कंपनीचा ८०२०ए हा हातात मावणारा मल्टिमीटर आला. लाल आकड्यांचे एलईडी सेल खाऊन टाकत. एलसीडी मात्र स्वतः प्रकाश देत नाही, खोलीतलाच प्रकाश अडवते किंवा जाऊ देते, त्यामुळे नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी कितीतरी दिवस पुरते.

हे सारे मी वर्गात शिकवलेले आहे. द्रव स्फटिकांवर बोलताना नागपूरचा अभिमानाने उल्लेखही करत असे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. ते नागपूर विद्यापीठातून १९५१ साली एम.एस्सी. झाले. पुढे त्यांनी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत द्रव स्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली, आणि १९७७ साली सदाशिव व सुरेश या सहकाऱ्यांबरोबर चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रव स्फटिक होतात हे दाखवून दिले. तोवर फक्त काडीसारखे लांबट रेणूच त्या जातीचे मानले जात.

मात्र ध्रुवणपटावर मी वर्गात दोन वाक्यांपलीकडे कधी बोलले नाही. फळ्यावर पडद्याचे चित्र काढताना तो वर-खाली दोन आडव्या रेघांत उरकायचा आणि पीळदार रेणूंकडे वळायचे. पाठ्यपुस्तकेही तेच करतात.

मीटर उघडला. काचेखाली रबराच्या दोन पट्ट्या होत्या. बारकाईने पाहिले तर त्यांत काळा, पांढरा, काळा, पांढरा असे थर दिसतात, म्हणून दुरुस्तीवाले तिला झेब्रा पट्टी म्हणतात. काळा थर कार्बनचा, वीज वाहणारा. पांढरा वीज अडवणारा. काच आणि खालचा छापील फलक यांची जोडणी एवढ्यावरच असते. डाग दिलेली एकही तार नाही. पट्ट्या स्पिरिटने पुसल्या. मग समोरच्या पटाचा कोपरा ब्लेडने उचलला. तो सोलून निघायला हवा होता. त्याऐवजी पापडासारखा मोडत आला आणि आंबट वासाने टेबल भरून गेले. उरलेला चिकटा मऊ करायला नेलपॉलिश काढायचे अ‍ॅसिटोन लागले. ते काचेच्या कडांना लागू न देता कापसाच्या बोळ्याने तास-दीड तास घासत बसले. काचेची कड डिंकासारख्या लेपाने बंद केलेली असते. ती सुटली तर आतला द्रव गेलाच म्हणून समजावे.

काच स्वच्छ झाली. जोडून मीटर चालू केला. पडद्यावर काही नाही, नुसते पिवळट-करडे कोरे पाणी. मग मुलाचा गाडी चालवतानाचा पोलराइज्ड गॉगल काचेसमोर धरला आणि सावकाश फिरवला. तिरका झाला तसे आकडे उमटले: शून्य, दशांशचिन्ह, शून्य शून्य शून्य, काळेभोर. १९८७ सालचा द्रव स्फटिक, आठ-दहा सहस्रांश मिलिमीटर जाडीच्या थरात, आपले काम चोख करत होता. मेला होता तो फक्त वरचा पट.

हा पट म्हणजे काय? त्याची सुरुवात मलेरियाच्या औषधापाशी होते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापाथ यांच्या एका शिष्याने क्विनीन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकले आणि हिरवे चमकदार स्फटिक तयार झाले. दोन स्फटिक एकमेकांवर आडवे पडले तिथे काळोख दिसला. हेरापाथनी १८५२ साली हे प्रसिद्ध केले. पण स्फटिक नाजूक. मोठे वाढवायला जावे तर मोडत. १९२० च्या दशकात एडविन लँड या अमेरिकी तरुणाने नाद सोडला तो मोठ्या स्फटिकाचा. असंख्य सूक्ष्म स्फटिक प्लास्टिकच्या पातळ थरात एकाच दिशेने रांगेत बसवले तरी काम तेच होते! १९२९ साली त्यासाठी त्याने पेटंटचा अर्ज केला. पोलरॉइड कंपनी पुढे त्यातूनच निघाली. १९३८ साली त्याने क्विनीनही काढून टाकले. पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा पापुद्रा ताणायचा, की त्याचे लांब रेणू एका दिशेला होतात, आणि मग त्याला आयोडीन पाजायचे. आजच्या मोबाइलपर्यंत एलसीडीचे ध्रुवणपट मुख्यतः याच कृतीने होतात.

पण ताणलेला हा पापुद्रा दमटपणाला अगदी हळवा, चिरतोही लवकर. म्हणून त्याला दोन्ही अंगांनी दुसऱ्या पारदर्शक पटात सँडविचसारखे धरतात. तो पट सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेटचा. माझ्या टेबलावर पापडासारखा मोडला, तो हाच.

सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेट हे नाव चित्रपटाच्या जुन्या जाणकारांना ओळखीचे असेल. पूर्वी सिनेमाच्या फिती नायट्रेटच्या असत आणि भडकन पेटत. १९४८ च्या सुमारास कोडॅकने न पेटणारी ट्रायअ‍ॅसिटेटची फीत आणली. तिचे नावच 'सेफ्टी फिल्म'. आग टळली. मात्र या पदार्थाला ऊब आणि ओल एकत्र मिळाली की त्याच्या रेणूंवरचे अ‍ॅसिटिल गट सुटू लागतात आणि अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, तयार होते. हेच आम्ल पुढच्या विघटनाला चालना देते. सुरुवातीला वर्षानुवर्षे काही दिसत नाही; एका मर्यादेपुढे मात्र घसरण थांबत नाही. फीत आंबते, आकसते, वाकडी होते. इंग्रजीत याला 'व्हिनेगर सिंड्रोम' म्हणतात.

या रोगाची पहिली नोंद कुठली आहे ते वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. १९५४ साली, म्हणजे ही फीत बाजारात येऊन जेमतेम सहा वर्षे झाली असताना, कोडॅककडे पहिली तक्रार गेली ती भारत सरकारकडून. उष्ण, दमट हवेत ठेवलेल्या सरकारी फिती आंबू लागल्या होत्या. मग तशाच हवेतल्या इतर संग्रहांतून तक्रारी येत गेल्या. थंड देशांतल्या कोठारांना हा रोग कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. म्हणजे आपल्याकडे जपणाऱ्या संस्थेच्या आधी दहा वर्षे रोगाची खबर आलेली होती.

दोन पडद्यांचे नाते इथे संपत नाही. ध्रुवणपटाला लागणारा हा ट्रायअ‍ॅसिटेटचा पट बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या कोणत्या? फूजीफिल्म आणि कोनिका मिनोल्टा. दोन्ही मुळात छायाचित्रणाच्या फिती करणाऱ्या. फिल्म रोलचा धंदा बसला, तेव्हा त्याच पदार्थावरचे त्यांचे कसब एलसीडीच्या कामी आले. आणि १९९० च्या दशकात फूजीने पडदा तिरकाही नीट दिसावा म्हणून जो पट काढला, त्यात ट्रायअ‍ॅसिटेटवर चकतीच्या आकाराच्या रेणूंचा थर असतो. चकतीचे रेणू म्हणजे चंद्रशेखरांच्या शोधातले. नागपूर मी वर्गात सांगत होते, पण ते माझ्या न शिकवलेल्या पटावरच येऊन बसले होते.

नवा ध्रुवणपट कुरिअरने आला. तो कापण्याआधी काचेवर ठेवून फिरवून पाहावा लागतो. एका दिशेला काळे आकडे पांढऱ्या जमिनीवर दिसतात. तिथून काटकोनात फिरवला तर काळ्या जमिनीवर पांढरे. माझ्या मीटरला तो पंचेचाळीस अंशांत तिरका हवा होता, त्यामुळे कापताना निम्मा वाया गेला. मागचा पट पिवळा पडला होता, पण अजून धडधाकट होता; त्याला हात लावला नाही. त्याच्या मागे चकचकीत पन्नी चिकटवलेली असते, आणि एका बैठकीत दोन्ही बाजू खरवडण्याची हौस या वयात नाही. सारे मिळून दोन दिवस गेले. खर्च कुरिअर धरून एका चांगल्या जेवणाइतका. नव्या सेलवर मीटरने १.५८३ दाखवले.

तेरा मीटर मी भंगारात काढले, त्याचे वाईट वाटणार हे सेल मोजतानाच कळले होते. पण त्याहून मला टोचले ते पिशवीचे. कोकणातला पावसाळा, कपाटात बुरशी येते, तांब्यावर हिरवे चढते. म्हणून दर मे महिन्यात सुट्टीआधी प्रत्येक मीटर वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबरबँड लावायचा, हा नियम विभागात मीच घातला. मुलांकडून, मामांकडून तो कटाक्षाने पाळून घेतला. आंबू लागलेल्या फितींबद्दल जतन करणारे लोक नेमके उलटे सांगतात: थंड, कोरडी जागा द्या, आणि डबा घट्ट बंद ठेवू नका; सुटलेले आम्ल आतच कोंडले की तेच फितीला खाते. वीस-बावीस वर्षे मी ते आम्ल दर पावसाळ्यात मीटरच्या तोंडाशी बांधून ठेवत होते. केमिस्ट्रीच्या कपाटातला चौदावाही त्याच माझ्या पिशवीत होता.

गणपतीनंतर मीटर परत द्यायला विभागात गेले. मामांनी चालू करून पाहिला, घराच्या किल्लीला टोके लावून बझर वाजवला, आणि सवयीने खालच्या खणातून पिशवी काढली. ती मी त्यांच्या हातातून घेतली. मग रजिस्टर मागवले. तेरा नोंदींपुढचा शेरा बदलता येत नाही, आणि खोडाखोड लेखापरीक्षणात चालत नाही. चौदाव्यासमोरचा रकाना रिकामा होता. तिथे तारीख घालून 'समोरचा ध्रुवणपट बदलला, चालू' असे लिहिले आणि विभागप्रमुखांच्या सहीसाठी वही त्यांच्या टेबलावर ठेवली. मीटर आता खिडकीजवळच्या उघड्या फळीवर असतो. बाजूच्या कपाटात सहा जुनी गणकयंत्रे आणि दोन पीएच मीटर निघाले, सारे पिशव्यांत. मामा एकेक रबरबँड सोडत होते आणि मी एकेक पिशवी नाकाशी नेत होते.